पदवीनंतरचें एक वर्ष

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व तरुण यांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. ज्यांनीं हें मंदिर बांधिलें, ज्यांनीं डोक्यावरून दगड-चुना वाहिला, ज्यांनीं भाताच्या खळ्यावर पहिला वांटा देवाचा म्हणून बाजूला काढून ठेविला, त्यांचें स्मरण गेले आठ दिवस आपण करीत आहों. तें योग्यच आहे. परंतु नुसतें मागें पाहून ज्याचा महोत्सव संपतो, त्यानें पूर्वजांची संपत्ति घेतली आणि त्यांची रीत मात्र सोडली, असें होईल. त्यांनीं जें केलें तें पुढल्यांसाठीं केलें. म्हणून आज आम्ही एका पुढच्या गोष्टीविषयीं, आणि तीहि पैशाच्या गोष्टीविषयीं, बोलणार आहों. धर्मगुरूच्या तोंडीं पैशाची गोष्ट आली कीं कांहीं मंडळी घड्याळाकडे पाहूं लागतात, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी आज थोडा धीर धरावा.

विषय असा आहे. आपल्या धर्मग्रामांतील एखादा तरुण किंवा तरुणी नुकतीच पदवी घेऊन महाविद्यालयांतून बाहेर पडते, आणि नोकरीला लागण्यापूर्वीं वर्षभर लोकांच्या उपयोगाचें एखादें काम करावें असें तिच्या मनांत येतें. अशा वेळीं तिच्या पोटाची आणि तिच्या कामाच्या खर्चाची तजवीज कोणीं करावी?

प्रथम आमचा स्वतःचा एक अपराध तुमच्यापुढें कबूल करितों.

वीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. एके दिवशीं सायंकाळच्या मिस्सेनंतर एक मुलगी भेटावयास आली. रसायनशास्त्र घेऊन ती नुकतीच बी. एस्सी. झाली होती. वडील रिक्षा चालवीत, आई वाडींतील भाजी व फुलें बाजारांत नेत असे, आणि पाठीमागें दोन लहान भाऊ होते. तिच्या हातांत एक लांबट वही होती. ती म्हणाली, "फादर, आपल्या भोंवतालच्या पाड्यांवर लोक ज्या विहिरींचें पाणी पितात, त्या सगळ्या मला तपासावयाच्या आहेत. कोणती खारी होत चालली आहे, कोणतींत घाण झिरपते, हें सगळें लिहून काढतें, आणि पाड्यावरच्याच बायकांना ही तपासणी शिकवतें. एक वर्ष मला पुरे आहे."

आम्हीं विचारिलें, "तुला काय लागेल?" ती खालीं मान घालून म्हणाली, "बाटल्यांना आणि औषधांना थोडे पैसे लागतील, जाण्यायेण्याचें भाडें लागेल, आणि घरीं महिन्याला कांहीं तरी द्यावें लागेल. पप्पांना एकट्यांना झेपत नाहीं."

आम्हीं काय केलें? तिच्या डोक्यावर हात ठेविला, तिच्या चांगुलपणाचें एक प्रशस्तिपत्र लिहून दिलें, आणि म्हणालों, "बाळ, तूं सुरवात कर, देव पाहून घेईल." त्याच आठवड्यांत मंदिराच्या दर्शनी बाजूच्या रंगकामाचा हिशेब आम्हीं सही करून मंजूर केला होता. त्या रकमेच्या एका लहानशा हिश्शांत त्या मुलीचें वर्ष निभावलें असतें. पण तें त्या वेळीं आमच्या मनांतहि आलें नाहीं.

तिनें सुरवात केली. तीन महिने ती उन्हांतून हिंडली. शाळेच्या प्रयोगशाळेंतून मागून आणलेल्या काचसामानावर तिनें पाण्याचा खारेपणा मोजला. मैल्याची परीक्षा करण्यासाठीं तिनें त्या साध्या बाटल्या वापरल्या, ज्यांत दूषित पाणी घातल्यास एक-दोन दिवसांत तें काळें पडतें. एकोणीस विहिरींची नोंद झाली. चौथ्या महिन्यांत धाकट्या भावाची फी भरण्याची वेळ आली, आणि तिनें अंधेरीला एका कंपनींत नोकरी धरली. जातांना वही आमच्या स्वाधीन करून ती म्हणाली, "फादर, कोणी पुढें करणारा भेटला तर द्या." कोणी भेटला नाहीं, कारण आम्हीं कोणाला शोधिलें नाहीं. विसाव्या पानावर एका पाड्याचें नांव लिहिलेलें होतें. त्याखालीं कांहीं नाहीं. त्या पावसाळ्यांत त्याच पाड्यावर काविळीनें मुलें आजारी पडलीं. त्या विहिरीमुळेंच पडलीं असें आम्ही म्हणत नाहीं. तें कोणी तपासलेंच नाहीं. आणि आमच्या मनाला आजवर लागून राहिलेली गोष्ट तीच आहे.

मंडळी, त्या मुलीला आम्हीं देवावर भरंवसा ठेवावयास सांगितलें. परंतु देव ज्या हातांनीं देतो, ते हात आम्हीं आखडते घेतले होते. दयाळू शमरोनी मनुष्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतों. त्यानें जखमा बांधल्या, हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. पण दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या मालकाच्या हातावर नाणीं ठेविलीं आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना तोहि देण्याचें कबूल केलें, हें आपण विसरतों. पुढची शुश्रूषा त्या मालकानें केली, आणि शमरोन्याच्या नाण्यांमुळें ती त्याला करतां आली. जो स्वतः थांबूं शकत नाहीं, त्यानें थांबणाऱ्याचा खर्च सोसावा, असा त्या दाखल्याचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला.

आतां कोणी म्हणेल, "फादर, सेवा ती सेवा. तिला पैसा लावला कीं ती नोकरी झाली." हा आक्षेप वरून धार्मिक दिसतो, पण त्याच्या आंत अन्याय आहे. बिनपैशाची सेवा कोण करूं शकतो? ज्याच्या घरीं दुसरा कमावता आहे, ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचें कर्ज नाहीं, तोच. म्हणजे सेवेचें पुण्यहि श्रीमंतांच्याच मुलांसाठीं राखून ठेवावयाचें काय? पाड्यावरचें दुःख ज्या मुलीला जवळून ठाऊक आहे, तिनेंच नेमकें घरीं बसावें काय? आणि आम्हां धर्मगुरूंचेंच पाहा. सेमिनरींत आम्हीं आठ-नऊ वर्षें जें अन्न खाल्लें, तें कोणाचें होतें? कोणा विधवेनें दिलेली तांदळाची मूठ, कोणा शेतकऱ्यानें सणाच्या दिवशीं पेटींत टाकलेली नोट, यांवर आम्ही शिकलों. आमच्या निर्वाहाची काळजी लोकांनीं वाहिली म्हणून आमची सेवा खोटी ठरली असें कोणी म्हणत नाहीं. मग पदवीधर मुलीनें वर्षभर निर्वाहापुरतें घेतलें तर तिची सेवा खोटी कां ठरावी?

ही कल्पना नवी नाहीं, आणि परकीहि नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, बी. ए. झाले. थोरल्या भावानें आपल्या तुटपुंज्या पगारांतून त्यांचें शिक्षण केलें होतें. घराला त्यांच्या कमाईची गरज होती. त्याच वर्षीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या आजीव सदस्यांनीं वीस वर्षें सेवा करावयाची आणि महिना ७५ रुपयांवर समाधान मानावयाचें, असा नेम होता. गोखले त्यांत शिरले. हें वेतन बाहेरच्या मानानें थोडें होतें, पण तें होतें. म्हणून एका गरीब घरचा पदवीधर देशाच्या कामाला मिळाला. पुढें १९०५ सालीं, १२ जून रोजीं, त्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यांत येणाऱ्या सुशिक्षित तरुणानें पांच वर्षें उमेदवारी करावयाची, स्वतःसाठीं द्रव्य मिळविण्याच्या मागें लागावयाचें नाहीं, आणि संस्थेनें त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय करावयाची, अशी व्यवस्था होती. त्या व्यवस्थेंतून नारायण मल्हार जोशी मिळाले, ज्यांनीं १९११ सालीं मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगांवांतील कामगारांसाठीं काम केलें. मुंबई नगरपालिकेंतील इंजिनिअरची नोकरी १९१४ सालीं सोडून ठक्करबाप्पा याच समाजांत आले आणि पुढें भिल्लांच्या सेवेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें. हीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु त्यांच्या चुलीची काळजी एका संस्थेनें घेतली होती, हें सहसा सांगत नाहीं.

आपल्या कॅथॉलिक परंपरेंतहि हाच धडा आहे. फ्रेडरिक ओझानाम १८३३ सालीं पॅरिस येथें कायद्याचा विद्यार्थी होता. वय अवघें वीस. गरिबांसाठीं तुम्ही प्रत्यक्ष काय करितां, असा टोमणा ऐकून त्यानें मित्रांसह जें मंडळ काढलें, तेंच आज जगभर पसरलेलें संत विन्सेंट डी पॉल मंडळ होय. पण तीं मुलें एकटीं नव्हतीं. एमान्युएल बेल्यी नांवाच्या वडीलधाऱ्या संपादकानें त्यांना बसावयास जागा दिली आणि सल्ला दिला. सिस्टर रोझली रांद्यू यांनीं त्यांना गरिबांच्या वस्तींत नेऊन कोणाच्या दारांत कसें जावें हें शिकविलें. तरुणांचा उत्साह, वडिलांचा आधार, आणि अनुभवी माणसाची वाट दाखविणारी दृष्टि, हीं तीन एकत्र आलीं म्हणून तें काम टिकलें. ओझानाम यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९७ सालीं धन्यवादित घोषित केलें.

आजच्या काळांतहि हा प्रयत्न अनेक ठिकाणीं चालूं आहे. 'टीच फॉर इंडिया' या संस्थेनें २००९ सालापासून, प्रथम मुंबई व पुणें येथें, पदवीधरांस दोन वर्षांचें वेतन देऊन गरीब मुलांच्या शाळांत शिकवावयास पाठविलें. स्टेट बँकेनें २०११ सालीं 'यूथ फॉर इंडिया' नांवाची तेरा महिन्यांची फेलोशिप काढली. तींत तरुणांनीं खेड्यांत जाऊन, तेथें आधींपासून मुरलेल्या एखाद्या संस्थेबरोबर काम करावयाचें असतें. केंद्र सरकारनें २०१२ सालीं पंतप्रधान ग्रामीण विकास फेलोशिप सुरू करून गडचिरोली, गोंदिया यांसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांत तरुण पाठविले. आपल्या राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ सालीं निघाली, मध्यंतरीं कांहीं वर्षें बंद राहिली, आणि २०२३ सालीं पुन्हा सुरू झाली. गडचिरोलींतील डॉ. अभय व राणी बंग यांनीं २००६ सालीं 'निर्माण' हा उपक्रम काढिला. तेथें तर तरुणाला प्रथम हेंच विचारतात कीं तुझ्या शिक्षणाचा समाजाला उपयोग काय. यांपैकीं जेथें प्रवेश चालूं असेल तेथें आपल्या मुलांनीं अर्ज करावे, अशी आमची सूचना आहे. परंतु सरकारच्या योजना राज्यकर्त्यांबरोबर येतात आणि जातात, मोठ्या संस्थांकडे हजारों अर्जांतून थोडक्यांची निवड होते, आणि ज्या मुलीला आपल्याच चार पाड्यांच्या विहिरी तपासावयाच्या आहेत तिच्यासाठीं यांपैकीं एकहि दार नेमकें उघडत नाहीं. तें दार आपल्यालाच उघडावें लागेल.

अमेरिकेंतील कॅथरिन डेव्हिस या बाईंची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. २००७ सालीं त्यांस शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या वाढदिवसानिमित्त त्यांनीं दहा लाख डॉलर बाजूला काढले, आणि त्यांतून एकच मोठी इमारत न बांधतां, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शांतीकार्याच्या शंभर योजनांना प्रत्येकीं दहा हजार डॉलर दिले. शंभर वर्षांच्या आजीबाईंनीं विशींतल्या मुलांवर विश्वास टाकिला. आपल्याहि धर्मग्रामाचा हा महोत्सव आहे, आणि आपल्याहि हातीं थोडी शिल्लक आहे.

आतां कांहीं व्यवहाराचें बोलूं, कारण सद्भावनेनें विहीर तपासून होत नाहीं.

पहिली गोष्ट, जें द्यावयाचें तें बक्षीस नव्हे आणि भिक्षाहि नव्हे. तें निर्वाहवेतन होय. तें दर महिन्याच्या ठराविक तारखेला, न मागतां, बँकेंत जमा झालें पाहिजे. ज्याला दर महिन्याला कार्यालयाच्या दारांत ताटकळावें लागतें, त्याची सेवेची हौस तिसऱ्या महिन्यांत विझते.

दुसरी, अर्जदारानें आपली योजना स्वतःच्या शब्दांत दोन पानांत लिहावी: काम कोणतें, कोणासाठीं, प्रत्येक तिमाहींत काय होईल, खर्च किती, आणि वर्ष संपल्यावर तें काम कोण चालवील. या शेवटच्या प्रश्नावर आमचा फार भर आहे. त्या मुलीनें पाड्यावरच्या बायकांना तपासणी शिकवण्याचें योजिलें होतें. ती एक वर्ष टिकती तर ती गेल्यावरहि तपासणी थांबली नसती.

तिसरी, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें, त्यांना अर्जापूर्वींच विचारलेलें असावें. आपल्याला जें द्यावेंसें वाटतें, तें त्यांना हवें असतेंच असें नाहीं.

चौथी, प्रत्येकाला एक पाठराखा हवा. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेंत व नगरपालिकेंत आयुष्य घालविलेले लोक आहेत. पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ त्या मुलाला द्यावी, त्याचें ऐकून घ्यावें, आणि सरकारी कचेरींत कोणत्या टेबलावर जावें हें सांगावें. हें दान पैशाहून कमी नाहीं.

पांचवी, काम सर्वांसाठीं असावें. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला तिचा धर्म व जात कोणी विचारूं नये. ही मदत कोणाला आपल्या मंदिराकडे वळविण्याचें साधन नव्हे.

सहावी, हिशेब. आपल्या सार्वजनिक विश्वस्त निधीचे हिशेब कायद्याप्रमाणें दरसाल तपासले जातातच. या निधीचा हिशेब त्यांत निराळा दाखवावा, आणि वर्षअखेरीस मंदिराच्या दारावर लावावा. काम फसलें तर तेंहि लिहावें. फसलेल्या कामाचा खरा अहवाल पुढच्या मुलाला वाट दाखवितो. ज्यानें प्रामाणिकपणें वर्ष दिलें आणि ज्याला यश आलें नाहीं, त्याला कोणी बोल लावूं नये.

आतां आंकडे पाहूं. घरीं राहून काम करणाऱ्या एका पदवीधरास महिना १५,००० रुपये दिले, तर वर्षाचे १,८०,००० होतात. कामाचें सामान, प्रवास व छपाई यांस आणखी ६०,००० धरूं. एकूण २,४०,००० रुपये. चारशें कुटुंबांनीं दरमहा पन्नास रुपये दिले, म्हणजे दिवसाला दोन रुपयांहूनहि कमी, तर ही रक्कम बरोबर भरते. कायमचा निधि उभारावयाचा तर शेंकडा सहा व्याजानें चाळीस लाख रुपये ठेवावे लागतील, आणि महागाईपुढें तें व्याजहि दर वर्षीं अपुरें होत जाईल. म्हणून आमचें मत असें कीं मोठ्या ठेवीची वाट पाहत बसूं नये. वर्गणीनें एकापासून आरंभ करावा. शिवाय मोठ्या देणगीदाराचें नांव पाटीवर कोरलें जातें आणि बाकीचे लोक निश्चिंत होतात, पन्नास रुपये देणारीं चारशें घरें मात्र त्या मुलीला रस्त्यांत थांबवून विचारतील, "पोरी, काम कुठवर आलें?" तिला याहून मोठें बळ कोणतें?

आईबापांनो, तुमची भीति आम्ही जाणतों. तुम्ही म्हणाल, "कर्ज काढून शिकविलें, आतां एक वर्ष फुकट जाणार." तुमच्या मुलाच्या पाठीवर कर्ज असेल आणि हप्ता थांबत नसेल, तर त्यानें नोकरी धरावी, त्यांत कमीपणा नाहीं, कुटुंबाचें पोषण हीहि सेवाच आहे. परंतु जेथें एक वर्ष निघण्यासारखें आहे, तेथें शेजारच्या मुलाचा पगार पाहून अडवूं नका. ज्यानें वर्षभर अनोळखी लोकांच्या दारांत उभें राहून त्यांचें ऐकून घेतलें, कचेरींत खेटे घातले, हिशेब लिहिला, चुकला आणि पुन्हा उभा राहिला, तो पदवीहून अधिक कांहीं शिकून घरीं येतो.

आणि तरुणांनो, तुम्हांला एकच सांगतों. या वर्षाला सुटीचें वर्ष समजूं नका. चारशें घरांचे पन्नास रुपये ज्याच्या खिशांत आहेत, त्यानें सकाळीं उठतांना त्या घरांची आठवण ठेवावी. लोक तुमच्याकडे आभाराच्या डोळ्यांनींच पाहतील असेंहि समजूं नका. कोणी हंसेल, कोणी संशय घेईल, कोणी पाणी तपासून देऊं म्हटलें तर विहिरीची बदनामी होईल म्हणून दोर ओढून घेईल. तेथें रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हा जावें.

असो. आतां शेवटचें.

मागच्या वर्षीं एका लग्नांत ती मुलगी आम्हांस भेटली. आतां तिच्या कानांजवळ केंस पांढरे होऊं लागले आहेत. दोन मुलांची आई आहे, नोकरींत बरी चढली आहे, भावांचीं शिक्षणें तिनेंच केलीं. तिनें तक्रारीचा एक शब्द काढिला नाहीं. जेवणाच्या पंगतींतून उठतांना एवढेंच विचारिलें, "फादर, माझी वही आहे कां हो अजून?" आम्ही म्हणालों, "आहे." त्यापुढें आम्हांस बोलवेना.

ती वही आम्हीं आज येथें आणली आहे. या मेजावर ठेवीत आहों. एकोणीस पानें भरलेलीं आहेत. महोत्सवाच्या निधींतून जी रक्कम शिल्लक राहील, तिच्यांतून मंदिराच्या दर्शनी बाजूस नवी रोषणाई करावी अशी एक सूचना पालकीय समितीपुढें आहे. ती सूचना वाईट नाहीं. देवाचें घर सुंदर असावें असें आम्हांलाहि वाटतें. तरी येत्या रविवारीं समिति बसेल तेव्हां तिनें दुसऱ्या सूचनेचाहि विचार करावा, अशी विनंति आम्ही धर्मगुरु म्हणून नव्हे तर त्या मुलीचे ऋणको म्हणून करितों: त्या शिल्लकेंतून पहिल्या एका पदवीधराचें एक वर्ष चालवावें, आणि पुढच्या वर्षांसाठीं वर्गणीची वही उघडावी. त्या वहींत पहिलें नांव आमचें असेल. समितीचा निर्णय कोणताहि झाला तरी तो आम्हांस मान्य आहे. परंतु या खेपेस कोणी मुलगा किंवा मुलगी योजना घेऊन आमच्या दारीं आली, तर तिला नुसत्या आशीर्वादावर आम्ही परत पाठविणार नाहीं.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो.